बदकांना ओव्याची धुरी

अपर्णा साठ्येचा हात आधी पोचतो, मागून ती. भाजीवाल्याकडची भेंडी असो, लेकीचं कपाळ असो, नाहीतर शेजारणीच्या नव्या फ्रिजची मागची बाजू असो, पालथा हात लावून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. दिवस भरायच्या आधीच जन्माला आलेल्या बाळांच्या वॉर्डात, अल ऐनमधल्या एका हॉस्पिटलात, तिने नर्स म्हणून जवळजवळ सगळी नोकरी काढली. काचेच्या पेटीवर तापमानाचा आकडा लाल अक्षरांत झळकत असायचा. तो वाचून झाला तरी ही हात आत घालून बाळाच्या पाठीला लावणारच. नव्या डॉक्टरांना ते खपायचं नाही, आणि जुन्यांनी बोलणं सोडून दिलं होतं.

अशी बाई निवृत्त झाली की घरच्यांचे हाल होतात. पहिल्या महिन्यात अपर्णाने घरातले सगळे डबे धुतले. दुसऱ्या महिन्यात शेजारपाजारच्या पाच बायकांचं ब्लड प्रेशर नियमित बघायला लागली. तिसऱ्या महिन्यात दुबईला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये लेकीकडे, केयाकडे, राहायला गेली आणि आठवड्यात परत आली. केया म्हणाली, "आई, आय लव्ह यू, पण तू माझ्या फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवलायस."

नवरा प्रल्हाद मेकॅनिकल इंजिनिअर. त्याचा धंदा गारव्याचा. इमारतींचे चिलर, मासळीची शीतगृहं, खजुराच्या कोल्ड रूम. वाळवंटात येऊन माणसाने आयुष्यभर थंडी बनवावी हे त्याचं त्यालाच कधीकधी गमतीचं वाटतं. निवृत्त व्हायला त्याला अजून अवकाश आहे. दर शनिवारी तो अल ऐनबाहेर रकन्याला, हम्माद नावाच्या अरब गिऱ्हाइकाच्या शेतावर, खजुराची कोल्ड रूम बघायला जातो. चौथ्या महिन्यात तो बायकोला म्हणाला, "तूही चल. नाहीतर तू आता माझंच तापमान घ्यायला लागशील."

तिथे बदकं होती.

शेत म्हणजे खजुराची बाग, चाऱ्यापुरती थोडी लसूणघास, बकऱ्यांचा गोठा, आणि मधोमध पाणी साठवायला बांधलेलं सिमेंटचं उथळ तळं. बदकं हम्मादने मुलांच्या हौसेखातर आणलेली. मुलांची हौस मुलांसारखीच, दुसऱ्या सुट्टीपर्यंत संपली. मग बदकं कमरुद्दीनच्या गळ्यात पडली. कमरुद्दीन शेतावरचा राखणदार. बकऱ्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. बदकांची मात्र त्याला चक्क भीती वाटायची. "मॅडम, बकरी का मुँह देख के मालूम पडता है क्या सोचती है," तो म्हणायचा. "ये लोग का कुछ मालूम नहीं पडता."

अपर्णाला हे ऐकूनच बदकांत रस वाटला. एक तर ती काय विचार करतात ते कळत नाही, आणि दुसरं म्हणजे त्यांचं बघायला कोणी नाही. तिला आणखी काय हवं होतं? महिन्याभरात ती शनिवारची वाट न बघता स्वतःच गाडी काढून जायला लागली. सात बदकं होती, सहा पांढरी आणि एक तपकिरी. पांढऱ्यांना तिने वॉर्डातल्या खाटांसारखे नंबर दिले. तपकिरी मात्र सगळ्यांच्या मागून मान ताठ करून फिरायची, कोणी रेंगाळलं तर चोच मारायची, आणि अपर्णाच्या चपलांकडे नापसंतीने बघायची. तिचं नाव 'मेट्रन' पडलं.

आता थंडीचं. पुण्याहून नणंदेचा फोन आला की हटकून विचारणार, "तुमच्याकडे कसली गं मेली थंडी? उंटांना स्वेटर घालता का?" अपर्णाचा संताप संताप व्हायचा. अहो, अल ऐन म्हणजे दुबई नव्हे, आणि रकना म्हणजे अल ऐनही नव्हे. ती वाटीच्या तळासारखी सखल जागा. आभाळ निरभ्र, हवेत ओल नाही, अडवायला ढग नाही. दिवसभराची ऊब सूर्य मावळला की सरळ वर निघून जाते, आणि जड गार हवा घरंगळत येऊन त्या वाटीत बसते. दर वर्षी होतं असं नाही. पण एखाद्या जानेवारीत पहाटे बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरतो, गवत पांढरं होतं, आणि दुबईची पोरं मोबाईल घेऊन बर्फ बघायला धावत येतात.

मागच्या जानेवारीत तसंच झालं होतं आणि तीन बदकं मेली होती. ती आधी दिसली हम्मादच्या आईला. म्हातारी रोज सकाळी तळ्याकाठी खुर्ची टाकून बसते, कॉफी पिते, बदकांशी बोलते. त्या दिवशी कमरुद्दीनने मेलेली बदकं भिंतीशी ओळीने ठेवली होती, पुरायला फावडं आणायला गेला होता, आणि नेमकी ती तिथे आली. नंतर आठवडाभर ती तळ्याकडे फिरकली नाही.

म्हणून या वर्षी थंडीचा अंदाज आला तेव्हा हम्माद मुद्दाम अपर्णापाशी येऊन उभा राहिला. तिशीचा, नम्र, घाईतला मुलगा. घरचे ड्रायव्हर-स्वयंपाकी सगळे हिंदी बोलणारे, त्यामुळे त्याचं हिंदी अपर्णापेक्षा अस्खलित.

"सिस्टर, मेरी माँ को फिर वो नहीं देखना चाहिए," तो म्हणाला. "इस बार एक भी मरा, तो खलास. तालाब खाली कर दूँगा, बाकी सब बाजार में दे दूँगा. गुस्सा मत करना."

अपर्णाला राग आला नाही. त्याचं म्हणणं रास्त होतं, तेच तर वाईट. तळ्याच्या जागी कोरडा सिमेंटचा खड्डा तिला लख्ख दिसला, आणि मेट्रन जनावरांच्या बाजारात तारेच्या पिंजऱ्यात.

"एकही मरणार नाही," ती म्हणाली. "थंडीत जीव कसा जपायचा हे मला शिकवू नकोस. दीड किलोची बाळं सांभाळलीत मी."

तिने काय केलं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तळ्याच्या बाजूला जुनी पंपाची खोली होती. पंप कधीच हलवलेला, खोली रिकामी. बदकं रात्री तिथेच असायची, कोल्ह्या-कुत्र्यांपासून जपायला. अपर्णाने त्या खोलीची बाळंतिणीची खोली केली. दुसरा शब्द नाही. छताखालचे झरोके गोणपाटाने बुजवले. खिडकीला प्लास्टिक ठोकलं. दाराच्या फटीत जुन्या चादरी कोंबल्या. खाली गवताची जाड गादी, वर कमरुद्दीनची घोंगडी, कोपऱ्यात घरून आणलेला तेलाचा हीटर. पाणी प्यायला बाहेर यायला नको म्हणून कोमट पाण्याचा टब आतच. आणि संध्याकाळी, दार लावायच्या आधी, मातीच्या परळात निखारे घेऊन तिने ओव्याची धुरी दिली.

प्रल्हाद दारात उभा राहून बघत होता. "अगं, ती बदकं आहेत. पहिलटकरणी नव्हेत."

"तुम्ही तुमचा खजूर बघा."

"डिंकाचे लाडू कधी वळतेस?"

"बाजरी आणलीये," अपर्णा म्हणाली. ती खरंच घेऊन आली होती. भोगी तोंडावर होती, घरात बाजरी-तीळ येऊन पडले होते, आणि थंडीत बाजरी उष्ण हे काय बदकांना लागू नसतं? बदकांनी बाजरी फस्त केली, हे इथे नमूद करायला हवं. तिच्या सगळ्या उपायांतला तेवढाच एक पहिल्या फटक्यात बरोबर निघाला.

कमरुद्दीनला धुरी फार आवडली. त्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "मॅडम, मैं भी इधर ही सो जाऊँ?"

सहा पांढरी हाकलत हाकलत आत गेली. मेट्रन दारापर्यंत आली, आतला वास घेतला, अपर्णाकडे असं बघितलं की काय सांगावं, आणि वळून पाण्यात गेली. तिघांनी मिळून तिला पकडायचा प्रयत्न केला. कमरुद्दीन गुडघाभर पाण्यात पडला. शेवटी अपर्णाच म्हणाली, "राहू दे. मर बाहेर." म्हणाली आणि लगेच जीभ चावली. परतीच्या गाडीत ती मागच्या काचेतून तळ्याकडे बघत राहिली. मेट्रन जगत नाही, असंच तिने धरलं होतं.

सकाळी ती प्रल्हादला घेऊन उजाडता उजाडता पोचली. गाडीतून उतरली तेव्हा नाकाचा शेंडा दुखायला लागला, एवढी थंडी. तळ्याच्या कडेने बर्फाचा पातळ काचेसारखा पट्टा धरला होता. आणि मध्ये, मोकळ्या पाण्यात, मेट्रन डोकं बुडवून अंघोळ करत होती. पाणी उडवत होती. शेपटी हलवत होती.

"निर्लज्ज," अपर्णा म्हणाली, आणि धावत जाऊन पंपाच्या खोलीचं दार उघडलं.

आतून वाफेचा लोट अंगावर आला. ऊबदार, आंबट, डोळ्यांना झोंबणारा. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. छतावरून टपटप चालू होती. गवताची गादी पायाखाली चिखलासारखी दबली. बदकं बाहेर आली ती मळलेल्या ओल्या बोळ्यांसारखी. दोघी शिंकत होत्या. बदक शिंकताना कोणी ऐकलं नसेल तर सांगते, अगदी माणसासारखं शिंकतं, वर मान झटकतं. सगळ्यात छोटी, दोन नंबर, आलीच नाही. ती टबापाशी मान टाकून, चोच उघडी ठेवून श्वास घेत पडली होती.

अपर्णाने तिला उचलून ओढणीत घेतलं. पोटाला हात लावला. पिसं ओलीचिंब, आणि आतलं अंग कोमट. खरं तर कोमटही नाही. गार.

हीटर चालू होता. खोली गरम होती. मग ही गार कशी?

इथे दुसरी कोणी असती तर रडत बसली असती, किंवा आणखी एक हीटर मागवला असता. अपर्णाला मात्र प्रश्न पडला, आणि प्रश्न पडला की तिला दुसरं काही सुचत नाही. दोन नंबरला टॉवेलात गुंडाळून कमरुद्दीनच्या हातात दिलं (तो तिला बॉम्बसारखी धरून उभा राहिला) आणि ही तळ्यात उतरली. सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. बर्फाचा पट्टा पायाखाली करकर मोडला. मेट्रनला बाजरीची लालूच दाखवून तिने पंखांसकट कवेत घेतलं आणि हात छातीच्या पिसांखाली सरकवला.

वरची पिसं थंड. त्याखाली कापसासारखा मऊ थर. तोही कोरडा! रात्रभर बर्फाच्या पाण्यात बसलेलं बदक आणि आत ठणठणीत कोरडं. त्याच्याही खाली बोट पोचलं तेव्हा ती चक्क दचकली. भाकरी तव्यावरून उतरवल्यावर पदराखाली धरावी तसं ऊन. मग पाय हातात घेतले. पाय बर्फासारखे गार.

"अहो!" तिने हाक मारली. प्रल्हाद कोल्ड रूमपाशी होता. "अहो, इकडे या आधी! हिचे पाय गार आहेत आणि अंग ऊन आहे. एकाच रक्ताचं हे कसं काय? पाय एवढे गार, तर तेच रक्त वर जाऊन अंग गार करत नाही?"

प्रल्हाद आला. बदकाच्या पायाकडे त्याने चिलरकडे बघावं तसं बघितलं. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"खाली जाणारी नळी आणि वर येणारी नळी चिकटून असतील," तो म्हणाला. "खाली जाणारं ऊन रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला जाता जाता ऊब देऊन टाकतं. पायाला पोचेपर्यंत ते स्वतःच गार. म्हणजे पाण्यात वाया घालवायला ऊब उरतच नाही. अगं, हा हीट एक्स्चेंजर आहे! आम्ही हेच बसवतो, फक्त स्टीलचं, आणि गळकं."

"म्हणजे हिला थंडीचं काही नाही?"

"कोरडी असेल तर काही नाही."

कोरडी. अपर्णाने दोन नंबरकडे पाहिलं, मग पंपाच्या खोलीच्या ओघळणाऱ्या भिंतीकडे. बाळ जन्मलं की पहिलं काय करायचं? ऊब नंतर, दूध नंतर, सगळं नंतर. पहिलं, पुसून कोरडं करायचं. हे तिने शेकडो शिकाऊ मुलींना शिकवलं होतं. ओलं बाळ गरम खोलीतही गार पडतं. आणि तिने सहा जीवांना टबासकट, त्यांच्या श्वासासकट, शिटांसकट रात्रभर हवाबंद कोंडून वर धुरी दिली होती.

"मी खजुराचं तेच सांगत असतो," प्रल्हाद म्हणाला. "थंडीने खजूर बिघडत नाही. त्याला घाम सुटला की बिघडतो. हवा खेळती ठेवा म्हणून हम्मादच्या मागे लागलो नव्हतो का?"

"मग काल का नाही बोललात?"

"मी पहिलटकरणी म्हणालो होतो ना."

"ती थट्टा होती. नीट सांगायला काय झालं होतं तोंडाला?" अपर्णाचं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं होतं. "कमरुद्दीन, पिछले साल जो तीन मरी, वो रात को कहाँ थी?"

कमरुद्दीनने दोन नंबरला आणखी लांब धरलं. "अंदर, मॅडम. मैंने बंद किया था. प्लास्टिक लगा के, अच्छे से. सर्दी थी ना."

"और ये तपकिरी?"

"ये कभी अंदर नहीं जाती. ये तो पागल है."

तिघंही मेट्रनकडे वळली. मेट्रनने पंख झटकून तिघांवर पाणी उडवलं आणि शेपटीच्या मुळाशी चोच घासायला लागली. तिथे बदकाची तेलाची कुपी असते. तिथलं तेल चोचीने घेऊन ती अंगभर पिसापिसाला लावत होती, शांतपणे, एखादी बाई न्हाऊन आल्यावर लावते तसं. आतल्या सहा जणींना हे रात्रभर चिखलात कसं जमणार?

मग जे काम सुरू झालं ते दुपारपर्यंत चाललं. अपर्णाने आदल्या दिवशी ठोकलेलं सगळं उपटलं. झरोके मोकळे केले, छताखालचे, उंचावरचे, म्हणजे ओल वरून निघून जाईल आणि वारा बदकांच्या अंगावर येणार नाही. ओलं गवत फावड्याने बाहेर. चुन्याचा हात. हीटर गाडीत, टब बाहेर. उत्तरेच्या बाजूला खजुराच्या झावळ्यांची झड बांधली, कारण वारा तिकडून येतो. खाली कोरडं काड इतकं टाकलं की कमरुद्दीनच्या घोट्यापर्यंत आलं. उरला प्रश्न तळ्याचा. बदकाला दाणा गिळायला पाणी लागतं, चोच धुवायला लागतं. तळं सगळं गोठलं तर हाल. त्याला प्रल्हादकडे उत्तर होतं. बोअरचं पाणी जमिनीच्या पोटातून येतं, हिवाळ्यातही हाताला ऊन लागतं. त्याने नळीचं तोंड तळ्याच्या एका कोपऱ्यात वळवून बारीक धार सोडून दिली. तो कोपरा गोठणार नाही.

दोन नंबरला अपर्णाने टॉवेलाने पुसून पुसून उन्हात ठेवलं, वाऱ्याच्या आडोशाला. दुपारी तिने मान उचलली. थोड्या वेळाने चोच शेपटीच्या मुळाशी नेली, दमली, थांबली, पुन्हा नेली. अपर्णा शेजारी मांडी घालून बसली होती. केयाचा फोन आला.

"आई, सो लेट मी गेट धिस. काल तू त्यांना हीटर लावलास आणि आज थंडीत बाहेर काढतेयस?"

"बाहेर नाही. हवेशीर."

"दे आर डक्स, आई. हंड्रेड मिलियन इयर्स मॅनेज केलंय त्यांनी."

"एवढी वर्षं त्यांना कोणी पंपाच्या खोलीत कोंडलं नव्हतं," अपर्णा म्हणाली आणि फोन ठेवला.

चारच्या सुमाराला हम्माद आला. त्याच्याबरोबर पिक-अप होती आणि पिक-अपमध्ये तारेचे पिंजरे. कमरुद्दीनने सकाळीच त्याला फोन करून टाकला होता, एक बदक जातंय म्हणून. हम्मादने दोन नंबरला बघितलं, उघडे झरोके बघितले, आणि त्याला वाटलं बाईंचं डोकं फिरलं.

"सिस्टर, आज रात और ठंडी है. कल से भी ज्यादा. तुमने सब खोल दिया?"

"हो."

"मैं इनको ले जाता हूँ. बाजारवाला वेट कर रहा है."

"एक रात्र दे मला."

"इन्शाल्ला सिस्टर, लेकिन..."

"इन्शाल्ला तर आहेच. पण तू हो म्हण."

हम्मादने हसू दाबलं. लहानपणी त्याला रागावणाऱ्या बायका अशाच बोलत असणार. मग गंभीर झाला. "सुबह माँ आएगी. मैं रोक नहीं सकता. अगर..."

"इकडे ये," अपर्णा म्हणाली, आणि त्याचा हात धरून, त्याला अवघडायला होतंय याची पर्वा न करता, मेट्रनच्या छातीखाली घातला. "अब बोल. ठंडी लगती है इसको?"

हम्मादने हात आणखी आत सरकवला. मग अरबीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. पिक-अप त्याने तिथेच उभी ठेवली, पिंजऱ्यांसकट. "सुबह तक," तो म्हणाला.

संध्याकाळी बाजरी आणि भरडलेला मका पोटभर घातला, कारण आतली शेगडी पेटती राहायची तर सरपण हवं. सहाही पांढऱ्या कोरड्या अंगाने आत गेल्या. दोन नंबरचं काय करायचं यावर अपर्णा दारात बराच वेळ अडली. घरी न्यावी? मांडीवर, शालीत, हीटरपाशी? हात शिवशिवत होते अगदी. वॉर्डात असती तर पेटीत ठेवली असती. पण ही बाळ नव्हती. हिच्या अंगावर तिची स्वतःची पेटी होती, आता कोरडी झालेली. तिने तिला चार आणि पाच नंबरच्या मध्ये काडात ठेवलं आणि दार लावून घेतलं. मेट्रन अर्थातच पाण्यात.

"झोप येणार आहे का तुला?" प्रल्हादने गाडीत विचारलं.

"तुम्ही गाडी चालवा."

सकाळी रकन्याची वाटी पांढरी झालेली होती. लसूणघास पांढरी, खजुराच्या झावळ्यांच्या कडा पांढऱ्या. कमरुद्दीनने बादली उपडी केली तर पाण्याबरोबर बादलीच्या तोंडाएवढी बर्फाची चकती निघाली. ती घेऊन तो खुळ्यासारखा हसत उभा होता, आणि डोक्याला मफलर, वर टोपी, वर घोंगडी. तळ्यावर बर्फ पार मधपर्यंत गेला होता. फक्त बोअरच्या धारेचा कोपरा मोकळा, त्यातून वाफा निघत होत्या, आणि त्या वाफेत मेट्रन.

हम्मादची गाडी आली. आईला हात देऊन त्याने उतरवलं. काळ्या अबायावर जाड लोकरीची शाल, नाकापर्यंत ओढलेली. ती तिच्या खुर्चीवर बसली नाही. उभी राहिली, आणि पंपाच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली. पिक-अप तिथेच होती.

अपर्णाने दार उघडलं. आतून वाफ आली नाही. बाहेरच्यासारखीच कोरडी गार हवा, आणि वाळलेल्या काडाचा वास. एक नंबर बाहेर आली, अंग झटकलं. तीन नंबर. चार. पाच. सहा. सगळ्या पांढऱ्याशुभ्र, एकीच्याही नाकाला पाणी नाही. सरळ तळ्याकडे, बर्फावरून घसरत, धडपडत, कलकलाट करत.

दोन नंबर आली नाही.

हम्मादने आईच्या दंडाला हलकेच धरलं, वळवायला. म्हातारी वळली नाही.

अपर्णा आत वाकली. अंधारात दिसेना. काडात मधोमध नुसता एक खळगा. तिचा हात आधी गेला, नेहमीसारखा. काडाच्या खाली, आणखी खाली. काहीतरी मऊ. कोरडं. आणि ऊन, चांगलं ऊन. मग बोटाला अशी कचकचून चोच बसली की अपर्णा मोठ्यांदा ओरडली, "अगं आई गं!"

दोन नंबर काडातून उठली, अंगावरच्या काड्या झटकल्या, एकदा शिंकली, आणि उशीर झाल्यासारखी लगबगीने बाकीच्यांच्या मागे निघाली.

म्हातारी हसली. शाल खाली सरकली तेव्हा दिसलं की तिला पुढचे दात नव्हते. मग तिने अरबीत काहीतरी विचारलं, चांगलं लांबलचक, बर्फाकडे आणि बदकांच्या नारिंगी पायांकडे बोट दाखवत.

"माँ पूछती है," हम्माद म्हणाला, "इनके पैर को ठंडी क्यों नहीं लगती?"

अपर्णाला याहून बरा प्रश्न कोणी कित्येक वर्षांत विचारला नव्हता. ती सरळ प्रल्हादला हाक मारणार होती, नळ्यांचं सांगायला. पण नळ्या-बिळ्या नंतर. तिने मेट्रनला बाजरी दाखवली, कवेत घेतलं, आणि म्हातारीचा सुरकुतलेला हात घेऊन आधी पायाला लावला, मग छातीखाली सरकवला. म्हातारीचे डोळे मोठे झाले. तिने हात काढलाच नाही. मेट्रननेही, आश्चर्य म्हणजे, चालवून घेतलं.

हम्मादने कमरुद्दीनला काहीतरी सांगितलं. कमरुद्दीन पिक-अपमधले पिंजरे उतरवून गोठ्यामागे टाकायला लागला. पिक-अप रिकामी कशाला न्यायची म्हणून त्यात लसूणघास भरली.

म्हातारीने हात तिथेच ठेवून पुन्हा काहीतरी विचारलं. या वेळी छोटं.

हम्माद हसायला लागला. "वो बोलती है, ये तो ठीक है. अंदर इतना गरम है. तो फिर ऑगस्ट में क्या करते हैं ये लोग?"

हे अपर्णालाही ठाऊक नव्हतं. खरंच, काय करत असतील? तिने सावकाश मान वळवून प्रल्हादकडे बघितलं. मग म्हातारीने बघितलं, हम्मादने बघितलं, आणि काखेत पिंजरा धरून कमरुद्दीनही थांबला.

"माझ्याकडे काय बघताय?" प्रल्हाद म्हणाला. पण त्याची नजर तोवर तळ्यावर गेली होती. डोळे बारीक करून तो कसलंतरी माप घेत होता.